वारा सुटण्याआधी

उत्तरायणाच्या सकाळी नवागामात पहिली विचारपूस होते ती पवनाची. आहे का, कोणीकडून आहे, दुपारपर्यंत टिकेल का. फिरकी भरलेली असते, किन्ना बांधलेल्या पतंगांची थप्पी कठड्याला टेकवलेली असते, आणि तरीही कितीतरी वेळ सगळी गच्ची नुसती आभाळाकडे तोंड करून ताटकळत राहते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी माझी आत्या शेजारी उभी होती. तिचे तरुणपण जळगावकडच्या शेतात गेलेले. पतंगांकडे तिचे लक्षच नव्हते. ती म्हणाली, "खळ्यावर असा वारा पडला की जीव नकोसा व्हायचा." वारा 'पडला' म्हणजे थांबला, हे मला सांगावे लागले. खळे म्हणजे काय, हेही मुलांना सांगावे लागले. त्या रात्री मी 'बहिणाबाईची गाणी' पुन्हा काढली आणि 'उपननी' ही कविता वाचली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या वाचनात आहे.

वारा सुटणे हा प्रसंग साहित्यात इतका सर्वत्र आढळतो की त्याच्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. काव्य, कादंबरी, नाटक, ललित निबंध, कोळीगीत यांपैकी एकही प्रकार त्यावाचून राहिलेला नाही. एमिली ब्रॉन्टीच्या १८४७ मधील 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीच्या नावातच उंचावरच्या घराला झोडपणाऱ्या वाऱ्यासाठीचा स्थानिक शब्द आहे. पॉल व्हालेरी या फ्रेंच कवीने १९२० साली समुद्रकाठच्या स्मशानभूमीवर दीर्घ कविता लिहिली. तिच्या अखेरीस वारा उठतो आणि कवी स्वतःला जगायला बजावतो. त्याच शब्दांवरून तात्सुओ होरी या जपानी लेखकाने आपल्या कादंबरीला नाव दिले आणि पुढे २०१३ मध्ये हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटानेही तेच नाव घेतले. या साऱ्या कृतींत वारा माणसाकडे येतो. माणूस वाऱ्याची वाट पाहत बसलेला नसतो. मराठीतले चित्र याहून निराळे आहे असे मला वाटते, आणि ते निराळेपण सर्वांत स्पष्ट दिसते ते आपल्या खानदेशात.

येथे दोन कवींना शेजारी बसवावेसे वाटते. बालकवी १८९० मध्ये धरणगावी जन्मले. बहिणाबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, १८८० च्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. जिल्हा एकच. सुरतेहून ताप्तीच्या गाडीने जळगावकडे जाताना धरणगावचे स्थानक लागते, हे येथल्या जुन्या कुटुंबांना सांगायला नको. बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तर बहिणाबाई १९५१ पर्यंत जगल्या. दोघांच्या डोक्यावरून एकच वारा वाहत होता असे म्हणायला हरकत नाही. मात्र बालकवींच्या 'फुलराणी'त तो वारा लग्नाला आलेला सनईवाला आहे. सृष्टीने वऱ्हाड जमवले आहे आणि मारुतराणा वाजवतो आहे. कल्पना मोहक आहे आणि शंभर वर्षांनंतरही ती विटलेली नाही. पण हा वारा वेळेवर येणारच, कारण तो शोभेसाठी आहे. तो आला नाही तरी लग्न लागेल.

'उपननी'तला वारा आला नाही तर घरात दाणा येणार नाही. मळणी झाली आहे, भूस आणि धान्य एकत्र पडले आहे. उपणणारा उंचावर चढून, हातात पाटी घेऊन उभा आहे आणि वाऱ्याचा पत्ता नाही. या खोळंब्यात बहिणाबाई वाऱ्याला हाक मारतात. हाक मारताना त्याला मारुतीचा बाप म्हणून मोठेपणाही देतात, आणि लगेच त्याच्या लबाडीबद्दल त्याचे कानही उपटतात. देवाच्या बापाशी असे बोलायची हिंमत भक्तीतून येत नाही, ती रोजच्या व्यवहारातून येते. कामाला येतो म्हणून सांगून न आलेल्या गड्याशी माणूस असाच बोलतो. मारुतराणा आणि मारुतीचा बाप ही नाती एकाच पुराणातली आहेत, पण एका कवितेत तो पाहुणा आहे तर दुसरीत गैरहजर असलेला मजूर.

आपण ही कविता नेहमी 'निसर्गकविता' म्हणून शिकवली आणि शिकलो, याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. पाठ्यपुस्तकाच्या शिरपेचात 'निसर्गाशी एकरूपता' असे लिहिले की शिक्षकाचे काम हलके होते. पण या कवितेत एकरूपता कुठे आहे? येथे उलट एक कडक हिशेब आहे. उभ्या माणसाचे हात दुखत आहेत, दिवस उतरतो आहे, आणि ज्याच्यावर सारे अवलंबून आहे त्याच्यावर कसलाही हक्क चालत नाही. ही श्रमाची कविता आहे, आणि त्यातही श्रम करता न येण्याची. लूमच्या खात्यात वीज गेल्यावर यंत्रांपुढे हात बांधून बसलेल्या कारागिराला ती एखाद्या निसर्गप्रेमी प्राध्यापकापेक्षा अधिक नेमकी कळेल. बहिणाबाईंची बोली लेवा आहे, आपल्यापैकी पुष्कळांची अहिराणी आहे, तरी अर्थ लागायला फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती खळेच पाहिलेले नाही म्हणून.

संतांना मात्र वाऱ्याचे प्रेम नव्हते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवाऱ्यातल्या, न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे, आणि मन आवरणे हे वारा आवरण्याइतके अवघड असल्याचे अर्जुनाचे गाऱ्हाणेही त्याच अध्यायात आहे. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस या अध्यायाला मराठीत जो विस्तार दिला, त्यामुळे वारा म्हणजे चांचल्य ही समजूत आपल्या भाषेत रुजून बसली. दिव्याला वारा नको असतो, खळ्याला तो हवा असतो. मौजेची गोष्ट अशी की बहिणाबाईंनी मनावरच्या आपल्या प्रसिद्ध गाण्यात संतांचाच दृष्टान्त घेतला आहे. तेथे उंडारणाऱ्या मनाला त्या वाहादनाची, म्हणजे सुसाट वादळवाऱ्याची, उपमा देतात. एकाच बाईने वाऱ्याला एकदा धरून ठेवता न येणारा म्हटले आणि एकदा ये म्हणून विनवले, यात मला विसंगती वाटत नाही. ओसरीवर बसलेल्या आणि खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वारा निरनिराळा दिसणारच.

कुसुमाग्रजांकडे वळले की सूर एकदम चढतो. १९४२ च्या 'विशाखा'तील 'कोलंबसाचे गर्वगीत' आमच्या पिढीने घसा फोडून म्हटले आहे. आज वाचताना जाणवते की त्यातले वादळ शिडाला फारसे काही करीतच नाही. ते समोर उभे राहून भाषण ऐकते. नायकाला आव्हान देण्यासाठी कोणीतरी मोठा श्रोता हवा होता, तो समुद्राने आणि वाऱ्याने पुरवला. (कोलंबसाच्या पराक्रमाची दुसरी बाजूही आता सर्वांना ठाऊक आहे, पण तो दोष कवितेच्या माथी मारणे बरे नव्हे.) अठ्ठावीस वर्षांनी, १९७० मध्ये, याच लेखकाने 'नटसम्राट'मध्ये वादळाची जागा बदलली. शेक्सपिअरचा लिअर वादळात बाहेर फेकला जातो. शिरवाडकरांचा अप्पासाहेब बेलवलकर स्वतःलाच तुफान म्हणवतो आणि राहायला घर मागतो. तरुणपणी ज्या वाऱ्याला ललकारले, तोच वारा म्हातारपणी दारोदार निवारा शोधतो आहे. कवी म्हणून शिरवाडकरांनी केलेल्या प्रवासाचे याहून चांगले माप मला सापडलेले नाही.

शान्ता शेळके यांच्या वादळातल्या कोळीगीताविषयी एवढेच म्हणतो की तेथे होडी लोटून गेलेल्या पुरुषापेक्षा किनाऱ्यावर राहिलेल्या स्त्रीला वारा जास्त लागतो, आणि तेच योग्य आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'पाशी मात्र थांबावे लागते. १९६४ साली आलेल्या या छोट्या कादंबरीचा विषय गांधीहत्येनंतर, १९४८ च्या आरंभी, महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांना लागलेल्या आगी हा आहे. लेखन संयमी आहे, आक्रस्ताळेपणा नाही. आवाज न चढवता भीती कशी सांगावी हे या पुस्तकातून शिकावे. माझी शंका आहे ती शीर्षकाबद्दल. वावटळ कोठून उठली ते कोणी सांगू शकत नाही. ती पाचोळा उचलते, गरगरते आणि विरते, आणि तिच्यावर फिर्याद लावता येत नाही. आगी लावणाऱ्या हातांना मात्र नावे असतात, घरे असतात, शेजारी असतात. दंगलीला वाऱ्याचे नाव दिले की ते हात झाकले जातात. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेनेही तशी आग पाहिली, आणि नंतर सगळीकडे 'तेव्हा वारेच तसे होते' असे बोलले गेले, ते मला अजून आठवते. माडगूळकरांचा हेतू असा नव्हता याची मला खात्री आहे. त्यांना बहुधा झपाटा दाखवायचा होता. परंतु भाषेची ही सोय धोक्याची आहे, आणि अफवांना 'वावड्या' म्हणजे पतंग म्हणणाऱ्या मराठीला ती फार लवकर जमते. पतंगाची दोरी कोणाच्या तरी हातात असते, एवढे निदान त्या शब्दाला ठाऊक आहे.

शेवटी ग्रेस यांचे 'वाऱ्याने हलते रान'. २०११ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळवणारे हे ललित निबंधांचे पुस्तक आपल्या मंडळातल्या बहुतेकांना दुर्बोध वाटते. मलाही अनेक पाने दोनदा वाचावी लागली, आणि काही दोनदा वाचूनही बंदच राहिली. पण शीर्षक पाहा. त्यात हलताना दिसते ते रान. वारा त्यातही अदृश्यच आहे आणि तो केवळ त्याच्या कामावरून ओळखायचा आहे. दाणे एका बाजूला आणि भूस दुसऱ्या बाजूला पडलेले पाहून बहिणाबाईंनी तो ओळखला असता, त्याच रीतीने. विदर्भाच्या या एकाकी कवीचे आणि असोद्याच्या निरक्षर शेतकरणीचे नाते कोणी जुळवीत नाही. मला ते जुळवावेसे वाटते.

आत्या आता नाही. मागच्या उत्तरायणाला पवन साडेदहापर्यंत आलाच नाही, तेव्हा माझ्या नातवाने कंटाळून विचारले, "आजोबा, तुमच्या त्या कवितेत शेवटी तो येतो का?" मी पुस्तक आणायला खाली गेलो, आणि वर येईपर्यंत सगळ्या गच्च्यांवर एकच ओरडा झाला होता.