चकाकी आणि पुरावा : मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांविषयी

नाण्यांच्या बाजारात 'प्रूफ' हा शब्द फार स्वस्त झाला आहे आणि त्या शब्दाने विकले जाणारे नाणे तेवढेच महाग. विक्रेत्यांच्या याद्या, लिलावांची सूचीपत्रे, संग्राहकांच्या गप्पा, कुठेही पाहा. आरशासारखे चकाकणारे नाणे दिसले की त्याला प्रूफ म्हटले जाते. यात अज्ञान आहे तशी सोयही आहे, कारण या एका शब्दाने किंमत कित्येक पटींनी चढते. घेणारा फसतो हे तर झालेच. पण ज्यांच्या घरात जुने नाणे पडून आहे ते चकाकीच्या आशेने ते घासतात आणि त्याची असलेली किंमतही घालवतात. पेण-रोह्याकडून दाखवायला येणाऱ्या नाण्यांत मला चिंचेने वा पितळेच्या पुडीने घासलेली नाणी हमखास दिसतात.

शब्द छापखान्यातून आपल्या ओळखीचा आहे. दिवाळी अंकाचेही प्रूफ निघते; मजकूर नीट बसला की नाही ते पाहण्यासाठी. टांकसाळीतला मूळ अर्थ याच जातीचा. नवा ठसा कसा उमटतो ते पाहण्यासाठी, पुढे दप्तरी ठेवण्यासाठी, मान्यवरांना देण्यासाठी आणि अखेरीस संग्राहकांसाठी खास निगुतीने पाडलेले नाणे ते प्रूफ. ही घडवण्याची रीत झाली. नाण्याच्या अवस्थेशी तिचा संबंध नाही. प्रूफ नाणे चुकून बाजारात गेले, हातोहात झिजले, तरी ते प्रूफच राहते. चलनी नाणे कापसात जपले तरी प्रूफ होत नाही. आपल्या याद्या मात्र झिजलेले, बरे, उत्तम अशी उतरंड लावून तिच्या टोकावर 'प्रूफ' बसवतात. गोंधळाची सुरुवात इथेच होते.

रीत समजली की खुणा आपोआप कळतात. प्रूफसाठी धातूची चकती निवडून चकचकीत करतात, ठसाही घासून आरशासारखा करतात आणि संथपणे, बहुधा एकाहून अधिक दाब देऊन नाणे पाडतात. त्यामुळे धातू ठशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचतो. नाण्याची कड काटकोनात आणि धारदार उठते, अक्षरांच्या बाजू उभ्या राहतात, केसांच्या बटा सुट्या दिसतात. चलनी नाणे वेगाने, एकाच दाबात पडते. त्याची कड किंचित गोलसर राहते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्याने नव्या साच्यातून निघालेली आणि जुन्या साच्यातून निघालेली मूर्ती शेजारी पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. पण नव्या साच्यातून घाईने काढलेली मूर्तीही सुबक दिसते, हेही तोच कारागीर सांगेल. तसेच नव्या ठशावरची पहिली चलनी नाणी चकाकतात. म्हणून आधी कड पाहावी, चकाकी मागाहून.

घासलेले नाणे ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ठसा घासताना त्याच्यावर पडलेले ओरखडे नाण्यावर उंच रेषा म्हणून उमटतात आणि चित्राच्या काठाशी थांबतात. कारण ठशात चित्र खोल असते, घासणी तिथे पोहोचत नाही. नाणे नंतर घासले असेल तर रेषा खोलगट असतात आणि पटावरून राजाच्या गालावर बेधडक चढतात. खऱ्या प्रूफची चकाकी अक्षरांच्या पायथ्यापर्यंत आणि दोन अक्षरांमधल्या फटीतही असते. घासलेल्या नाण्यात नेमक्या त्याच जागा मळकट राहतात.

मुंबईच्या टांकसाळीचेच एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला चिल्लर अपुरी पडू लागली. चांदीची काही नाणी अमेरिकेतल्या टांकसाळींनी पाडून दिली. तांब्याच्या मिश्रधातूची पेनी आणि अर्धी पेनी मुंबईत पडली. १९४२ आणि १९४३ या दोन्ही वर्षी प्रत्येकी सुमारे ९० लाख पेनी इथे निघाल्या. त्यांवर एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे कांगारू. राजाच्या मुखवट्याखाली रोमन 'आय' हे अक्षर आणि 'पेनी' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ठिपका. याच पेनी आणि अर्ध्या पेनीची प्रूफ नाणीही लिलावांत येतात. याद्यांत 'आय'चे चिन्ह असले आणि नाणे तांबूस चकाकत असले की लगेच 'मुंबई प्रूफ' असे लिहितात. हे चिन्ह टांकसाळ सांगते, रीत सांगत नाही. तेही एकटे पुरेसे नाही : १९१६ ते १९१८ मधल्या ऑस्ट्रेलियन पेनीवर हेच अक्षर कलकत्त्याचे आहे आणि १९१८ च्या सोन्याच्या सॉव्हरिनवर पुन्हा मुंबईचे.

दुसरा घोळ अधिक खोल आहे. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुने ठसे जपून ठेवले आणि विसाव्या शतकातही संग्राहकांच्या मागणीवरून त्यांवर नाणी पाडून दिली. ही नाणी प्रूफच्याच रीतीने घडली आहेत. कड धारदार, पट चकचकीत. ती खोटी म्हणता येत नाहीत, पण त्यांवरच्या सालाची साक्ष ती देऊ शकत नाहीत. नाण्यावरचे साल आणि घडणीचे साल एकच असते, हे गृहीत आपल्याकडे तर मुळातच चुकीचे आहे. १८६२ सालचा चलनी रुपयासुद्धा पुढे जवळपास बारा वर्षे तेच साल घेऊन निघत राहिला. फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांवरील ग्रंथांत मूळ प्रूफ आणि मागाहून पाडलेली नाणी वेगळी मांडली. त्याला चार दशके उलटली, तरी आपल्या याद्यांत दोन्ही एकाच ओळीत बसतात. मागाहून पाडलेल्या नाण्याची एक बोलकी खूण म्हणजे पटावरचे बारीक उंच फोड. ठेवणीतल्या ठशाला गंज चढून खड्डे पडतात, ते नाण्यावर उंचवटे होऊन येतात. कधी एका सालाच्या पुढच्या बाजूला दुसऱ्याच काळाची मागची बाजू जोडलेली सापडते. कधी वजन जुळत नाही.

स्वातंत्र्यानंतर काम सोपे झाले. मुंबईच्या चलनी नाण्यावर सालाखाली ठिपका किंवा चौकट असते. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या प्रूफ नाण्यांवर मात्र 'बी' अक्षर आले आणि नव्वदच्या दशकापासून 'एम'. टांकसाळीनेच फरक लिहून दिला. जुन्या नाण्यांना ही सोय नाही, म्हणून तिथे वर्णनाची जबाबदारी सूची लिहिणाऱ्यावर येते.

ती पार पाडायला तीन प्रश्न पुरेत. नाणे कोणत्या रीतीने पाडले? केव्हा पाडले? आणि नंतर त्याचे काय झाले? 'प्रूफ' हा शब्द फक्त पहिल्याचे उत्तर देतो, आणि आपण त्याच्याकडून तिन्हींची उत्तरे वसूल करतो. यादीत 'प्रूफ रीत, मागाहून पाडलेले, न घासलेले' एवढे तीन तुकडे लिहायला अर्धी ओळ लागते. ती लिहिली तर काही नाण्यांच्या किमती उतरतील हे खरे. पण त्या मुळातच त्या नाण्यांच्या नव्हत्या.

ज्यांच्या घरी अशी पेनी वा रुपया असेल त्यांनी तो कडेने धरावा, कोरड्या कागदात ठेवावा आणि धुऊ नये. काळवंडलेल्या नाण्याची परीक्षा उद्याही होऊ शकते. घासलेल्या नाण्यावरचा पुरावा मात्र फडक्याबरोबर पुसला जातो.