कोलंबियातील एक निबंध

विंचूरच्या एका विद्यार्थ्यास परदेशी विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम. ए. साठी प्रवेश मिळाला, आणि शिफारसपत्रासाठी तो वडिलांसह मजकडे आला. अभ्यासाचा विषय जात, हे ऐकून वडील म्हणाले, "सर, जात बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? ती तर इथं वेशीपासून मसणवट्यापर्यंत आहे." प्रश्न भाबडा खचितच नव्हता. अनुसूचित जाती आदी वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत केंद्र सरकारने 2022 साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वर्ज्य केले, तेव्हा त्यामागचा युक्तिवाद बहुतांशी हाच होता: साधने आणि जाणकार घरीच असता बाहेर कशाला जावयाचे? त्या दिवशी त्या गृहस्थांस मला धड उत्तर देता आले नाही. उत्तर शोधण्यासाठी म्हणून एक जुना निबंध पुन्हा काढून वाचला.

निबंध आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात तो वाचला गेला, आणि पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास, असा त्याचा विषय. लेखकाचे वय 25. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांत, हा विद्यार्थी तेथे राहत होता. एम. ए. आदल्याच वर्षी झाले होते. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र हेही अभ्यासात होतेच.

आरंभी लेखक मानववंशाच्या अभ्यासकास पाँपेईचे अवशेष दाखविणाऱ्या वाटाड्याची उपमा देतो. उपमा नम्रतेची दिसते, पण तीत थोडी खोच आहे असे मला वाटते. परदेशी वर्गात बसलेल्या हिंदी विद्यार्थ्याकडून यजमानांची अपेक्षा बहुधा तेवढीच असते: त्याने आपल्या गावच्या चमत्कारिक चालीरीती दाखवाव्यात, अनुमाने इतरांनी काढावीत. आंबेडकर ही भूमिका पत्करल्यासारखी करतात आणि दोनचार परिच्छेदांतच टाकून देतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले या मोठमोठ्या नावांच्या व्याख्या एकेक करून पुढे घेतात आणि सोडून देतात. हा वाटाड्या प्रवाशांस अवशेष दाखवीत नाही, त्यांच्या हातातील मार्गदर्शिकांतल्या चुका दाखवितो.

त्या नामावळीत चौथे नाव श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे आहे. आपले ज्ञानकोशकार तेच हे. त्यांचाही मार्ग असाच: 1906 साली अमेरिका, कॉर्नेल विद्यापीठ, 1909 मध्ये मनुस्मृतीच्या आधारे लिहिलेला जातिसंस्थेचा इतिहास, 1911 साली डॉक्टरेट. एतद्देशीय असून जातीकडे चिकित्सक व मोकळ्या मनाने पाहणारा म्हणून आंबेडकर त्यांचा गौरव करतात. जात एकटी न पाहता जातिव्यवस्थेचा एक घटक म्हणून पाहावी, हा केतकरांचा विशेष ते मान्य करतात. परंतु केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे सांगितली, सभासदत्व जन्मानेच मिळणे आणि जातीबाहेर विवाहास बंदी असणे, ती दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू होत, हे दाखवून ते पुढे जातात. बेटीव्यवहार बंद केला की सभासदत्व आपोआपच जन्माने ठरते. एक ब्राह्मण आणि एक महार, सात वर्षांच्या अंतराने, अमेरिकेत बसून एकाच प्रश्नावर असा नीरक्षीर न्यायाने वाद घालतात. तत्कालीन महाराष्ट्रात कोणत्या सभागृहात हे घडू शकले असते, याचा वाचकांनी विचार करावा.

निबंधाचा गाभा एका हिशेबात आहे. गोत्राबाहेर विवाह करण्याचा नियम या देशात फार जुना. त्यावर जातीतच विवाह करण्याचा नियम चढविला गेला, तेव्हा जात निर्माण झाली. पण दार लावून घेतलेल्या गटात विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर स्त्री शिल्लक उरते, बायको मेली तर पुरुष. शिल्लक स्त्रीस नवऱ्याच्या चितेवर जाळावे, नाही तर आजन्म वैधव्यात ठेवावे. पुरुष मात्र गटास हवा असतो, म्हणून त्यास ब्रह्मचर्य सांगावे किंवा अजून वयात न आलेली मुलगी द्यावी. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह: आपल्या सुधारकांनी ज्या तीन दुष्ट रूढी वेगवेगळ्या मानून त्यांवर वेगवेगळी व्याख्याने दिली, त्या येथे एकाच कुलपाच्या तीन किल्ल्या ठरतात. त्यांचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान मागाहून आले, हेही लेखक सांगून टाकतो.

हा हिशेब इतका उघड मांडणे लेखकास साधले ते कशाने? जातीविषयीची माहिती काही कोलंबियाने दिली नाही. ती त्याने महू, सातारा आणि मुंबई येथूनच नेली होती. कोलंबियाने ऐकणारे दिले, ज्यांस काहीच ठाऊक नव्हते. आपल्याकडे जातीवर बोलताना निम्मे वाक्य 'आपणांस ठाऊकच आहे' यातच संपते. जेथे कोणासच ठाऊक नाही तेथे पहिल्या पायरीपासून चढावे लागते. शिवाय शेजारच्याच दालनांतील ग्रंथ हाताशी होते. अनुकरणाने रूढी पसरतात हा फ्रेंच पंडित तार्द यांचा सिद्धांत निबंधात येतो. तार्द यांच्या ग्रंथाच्या 1903 च्या इंग्रजी भाषांतरास प्रस्तावना लिहिणारे गिडिंग्ज हे कोलंबियातच समाजशास्त्र शिकवीत.

आणि नेमके हेच उसने हत्यार मला बोथट वाटते. ब्राह्मणांनी प्रथम दार लावले, इतरांनी अनुकरण केले. जो जितका दूर, त्याचे अनुकरण तितके अपुरे. मग पाटाची चाल ज्यांत राजरोस होती, त्या जातींतही बेटीबंदी तितकीच कडक कशी राहिली, हे केवळ अंतराने उलगडत नाही. काहींनी दार लावले आणि काहींस ते बाहेरून लावलेले आढळले, असे लेखक म्हणतो खरा. पण बाहेर राहिलेल्यांचे काय झाले, हे तेथे येत नाही. निबंधात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. ज्याने शाळेत वेगळे बसून शिक्षण घेतले, त्याने जातीवर लिहिताना स्वतःविषयी एक अक्षर लिहू नये, हे मला पहिल्या वाचनी शास्त्रीय संयमाचे लक्षण वाटले होते. आता ती उणीवही वाटते. 'जातिनिर्मूलन' 1936 साली आले, त्यात ही उणीव राहिली नाही. तथापि त्याच्या 1944 च्या तिसऱ्या आवृत्तीत हा जुना निबंध सामावून घेण्याचा आपला मानस होता, वेळेअभावी जमले नाही, असे खुद्द लेखकानेच नमूद केले आहे. म्हणजे कोलंबियातील त्या हिशेबावर त्यांनी कधी काट मारली नव्हती.

विंचूरहून येवल्यास जाणारा रस्ता मी पुष्कळदा पाहिला आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी त्याच येवल्यास, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा झाली. तेथे जमलेल्यांस जात समजावून सांगण्याची गरज नव्हती. ती अंगावर वागविणारीच ती माणसे होती.

शिफारसपत्र मी दिले. त्यासोबत निबंधाची एक प्रतही दिली, आणि ती वडिलांनी आधी वाचावी असे सांगितले. इंग्रजी त्यांस येत नाही. तेव्हा मुलाने ती मराठीत वाचून दाखवावयाची, असे ठरले आहे.