संगणकीय बुद्धिव्यायाम आणि अध्ययन-संक्रमणाचा प्रश्न

१

अध्ययनात मागे पडणाऱ्या आणि स्वमग्न मुलांसाठी संगणकावरील खेळांच्या रूपाने बुद्धिव्यायामाचे अनेक कार्यक्रम गेल्या तीन दशकांत तयार झाले. त्यांची रचना बहुधा सारखीच असते. मूल रोज ठराविक वेळ संगणकासमोर बसते. ध्वनी ओळखणे, क्रम लक्षात ठेवणे, चेहऱ्यावरील भाव हेरणे अशी लहान लहान कामे त्याच्यापुढे येतात. उत्तर बरोबर आले की पुढचे काम थोडे कठीण होते, चुकले की थोडे सोपे होते. काही आठवड्यांनी मुलाचे खेळातील गुण वाढलेले दिसतात. ह्या वाढीविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्या अर्थाविषयी. खेळातील गुण वाढले म्हणजे मुलाचे वाचन, गणित व संभाषण सुधारले असे मानावयाचे काय, ह्या एकाच प्रश्नावर ह्या सर्व कार्यक्रमांचे मूल्य अवलंबून आहे. आणि काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांतून त्याचे जे उत्तर मिळते ते बहुतांशी नकारार्थी आहे.

हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील शिक्षणविचारात मानसिक शिस्तीच्या उपपत्तीला मोठी प्रतिष्ठा होती. लॅटिन व्याकरण किंवा भूमिती शिकल्याने स्मृती व तर्क ह्या शक्तीच बळकट होतात, आणि मग त्या कोणत्याही विषयात उपयोगी पडतात, असे ती सांगे. १९०१ साली थॉर्नडाइक व वुडवर्थ ह्यांनी ह्या समजुतीची परीक्षा घेतली. विशिष्ट आकृत्यांचे क्षेत्रफळ अजमावण्याचा सराव दिल्यावर, निराळ्या आकाराच्या आकृत्यांच्या बाबतीत सुधारणा किती होते हे त्यांनी मोजले. ती फारच अल्प निघाली. दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढ्यापुरतेच एका कामातील कौशल्य दुसऱ्यात उतरते, हा त्यांचा निष्कर्ष अध्ययन-संक्रमणाच्या अभ्यासाचा पाया ठरला. ज्याला पाढे पाठ आहेत त्याला हिशेब लवकर जमतो, कारण हिशेबात पाढेच असतात. त्यामुळे त्याला कवितेचा अर्थही लवकर लागेल असे कोणी म्हणत नाही.

संगणकीय बुद्धिव्यायामाचे समर्थन मात्र ज्या उपमेवर उभे आहे ती त्या जुन्या उपपत्तीचीच आहे. मेंदू हा स्नायूसारखा आहे. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्याचे बळ जसे कोणतेही ओझे उचलताना कामी येते, तसा खेळातील सराव शाळेत कामी येईल, असे ती सुचविते. ह्या उपमेला मेंदूच्या परिवर्तनक्षमतेचा आधार दिला जातो. परिवर्तनक्षमता खरी आहे, ह्यात शंका नाही. परंतु मेंदू ज्या कामाच्या सरावाने बदलतो त्या कामापुरताच बहुधा बदलतो, हेही तितकेच खरे आहे. यास्तव परिवर्तनक्षमता सिद्ध झाली म्हणजे संक्रमण सिद्ध झाले असे होत नाही. हा दुवा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

२

ह्या क्षेत्रातील आद्य आणि विचारदृष्ट्या सर्वांत कसदार कार्यक्रम म्हणजे ‘फास्ट फॉरवर्ड’. पॉला टॅलल ह्यांनी १९७३ पासून असे प्रतिपादिले होते, की ज्या मुलांचा भाषाविकास खुंटतो त्यांना झपाट्याने बदलणारे ध्वनी पकडता येत नाहीत. ‘बा’ आणि ‘डा’ ह्यांतील भेद एका सेकंदाच्या काही शतांश भागात उमटून जातो. तो निसटला की शब्दाचे रूप अस्पष्ट राहते आणि पुढे वाचनही अडते. मायकेल मर्झेनिक हे मेंदूच्या परिवर्तनक्षमतेचे अभ्यासक. ह्या दोघांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध केले. बोलणे दीडपट लांबवून व त्यातील जलद बदलणारे भाग मोठे करून मुलांना ऐकविले आणि खेळांतून तो वेग हळूहळू पूर्ववत आणला, तर चार आठवड्यांत भाषेच्या चाचण्यांत लक्षणीय सुधारणा होते, असे त्यांत दाखविले होते. त्याच वर्षी ह्या पद्धतीच्या विक्रीसाठी कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या, अधिक काटेकोर प्रयोगात मुले होती केवळ २२.

लहान प्रयोगातून मोठी आशा निर्माण होणे हा दोष नव्हे. विज्ञानाची वाटचाल पुष्कळदा अशीच असते. परंतु मोठा प्रयोग होईपर्यंत कार्यक्रम शाळाशाळांतून पसरला होता. तो मोठा प्रयोग रोनाल्ड गिलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भाषिक अडचणी असलेली २१६ मुले होती व त्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले होते. एका गटाला ‘फास्ट फॉरवर्ड’, दुसऱ्याला ध्वनीत फेरफार न करणारे संगणकीय भाषापाठ, तिसऱ्याला भाषोपचारतज्ज्ञाचे व्यक्तिगत मार्गदर्शन, आणि चौथ्याला गणित, विज्ञान व भूगोल ह्यांचे साधे संगणकीय खेळ देण्यात आले. सहा आठवडे, रोज १ तास ४० मिनिटे. चारही गटांची भाषा सुधारली, आणि सारखीच सुधारली.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व चौथ्या गटात आहे. भूगोलाच्या खेळांत ध्वनी ताणून ऐकविण्याची युक्ती नव्हती, तरीही त्या मुलांची भाषिक प्रगती कमी झाली नाही. सहा महिन्यांनंतर शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखण्याच्या चाचणीत दोन्ही भाषिक संगणकीय गट थोडे पुढे होते, ही गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. परंतु त्यांपैकी एका गटाला ताणलेले ध्वनी ऐकविलेच नव्हते. म्हणजे लाभ झाला असेल तर तो ज्या कारणाने व्हावयास हवा होता त्या कारणाने झालेला नाही. पुढे २०११ मध्ये स्ट्राँग, ह्यूम व सहकाऱ्यांनी काटेकोर कसोटीला उतरणाऱ्या सहा प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा मौखिक भाषा अथवा वाचन ह्यांवर ‘फास्ट फॉरवर्ड’चा परिणाम होतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

३

दुसरा प्रसिद्ध कार्यक्रम ‘कॉगमेड’. त्याचे लक्ष्य कार्यकारी स्मृती. तोंडी हिशेब करताना हातचा लक्षात ठेवणे, लांब वाक्य ऐकताना त्याचा आरंभ न विसरणे, हे त्या स्मृतीचे काम. अध्ययनात अडखळणाऱ्या पुष्कळ मुलांत ती दुबळी आढळते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील तोर्केल क्लिंगबर्ग ह्यांनी अवधानन्यूनता असलेल्या १४ मुलांवरील पहिला प्रयोग २००२ मध्ये, आणि ५३ मुलांवरील दुसरा २००५ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रयोगात स्मृतीच्या चाचण्यांत प्रगती दिसली, आणि मुलांची चंचलता कमी झाल्याचे पालकांनी सांगितले. शिक्षकांच्या नोंदींत मात्र तसा लक्षणीय फरक दिसला नाही. पालक व शिक्षक ह्यांच्या साक्षींतील ही तफावत त्याच वेळी गंभीरपणे घेतली जावयास हवी होती. कार्यक्रमासाठी रोज मुलाजवळ बसणाऱ्या पालकाची दृष्टी आशेने रंगलेली असणे स्वाभाविक आहे. त्यात खोटेपणा नाही, पण तो पुरावाही नव्हे.

मेल्बी-लेर्व्हाग व ह्यूम ह्यांनी २०१३ मध्ये अशा २३ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. सरावासारख्याच चाचण्यांत तात्पुरती सुधारणा होते, परंतु वाचन, गणित अथवा सर्वसाधारण बुद्धी ह्यांपर्यंत ती पोहोचत नाही, असा त्यांचा निर्णय होता. ह्याहून बोलका पुरावा ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथून आला. तेथील ४४ शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन, कार्यकारी स्मृती कमी असलेली ४५२ मुले निवडण्यात आली. निम्म्यांना ‘कॉगमेड’ची २० ते २५ सत्रे मिळाली, निम्मी नेहमीप्रमाणे वर्गात राहिली, आणि दोन वर्षे सर्वांचा मागोवा घेतला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात दृश्य स्मृतीतील सुधारणा काही काळच टिकली. वाचनात व शुद्धलेखनात फरक पडला नाही. आणि दोन वर्षांनंतर गणितात सराव घेतलेली मुलेच मागे होती.

ह्या शेवटच्या गोष्टीवरून सरावाने गणित बिघडते असा सिद्धान्त काढणे घाईचे होईल. परंतु संशोधकांनी आपल्या निर्णयात वर्गातील बुडालेला वेळ व खर्च ह्यांचा जो हिशेब धरला तो ह्या प्रश्नाच्या गाभ्याला भिडणारा आहे. अशा कार्यक्रमांविषयी ‘उपयोग झाला नाही तरी अपाय तर नाही’ असे नेहमी म्हटले जाते. आधीच मागे असलेल्या मुलाचा पाऊण तास हा मोफत नसतो. तो तास वाचनाच्या, गणिताच्या अथवा खेळण्याच्या वेळेतून काढलेला असतो.

४

स्वमग्न मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. ह्या मुलांपैकी अनेकांना संगणक आवडतो. त्याचे वागणे नियमबद्ध असते आणि तो रागावत नाही. म्हणूनच संगणक हे त्यांचे योग्य शिक्षण-साधन, असे अनुमान केले जाते. परंतु जे साधन सुसह्य वाटते ते त्याच कारणामुळे जगापासून भिन्न असते. स्वमग्न मुलाची खरी अडचण असते ती अनियमित, गोंगाटाच्या व माणसांच्या जगात. नियमबद्ध खेळात मिळविलेले कौशल्य तेथे नेणे, हीच गोष्ट त्याला इतर मुलांपेक्षा कठीण जाते. जेथे संक्रमण सर्वांत अवघड तेथेच संक्रमणावर सर्वांत अधिक भिस्त ठेवली जाते, हा ह्या कार्यक्रमांतील अंतर्विरोध होय.

नेदरलँड्समध्ये डी व्ह्रीस, ख्यूर्ट्स व सहकाऱ्यांनी ८ ते १२ वर्षांच्या १२१ स्वमग्न मुलांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला कार्यकारी स्मृतीचा, दुसऱ्याला विचारांच्या लवचिकतेचा, आणि तिसऱ्याला कठिणता न वाढणारा नाममात्र सराव मिळाला. प्रगती तिन्ही गटांत दिसली. खऱ्या सरावाचा अधिक लाभ अगदी किरकोळ होता, आणि हा सराव स्वमग्न मुलांसाठी उपचार म्हणून योग्य दिसत नाही असे संशोधकांनीच नमूद केले. नाममात्र गट नसता तर हाच प्रयोग यशस्वी म्हणून गाजला असता. चेहऱ्यावरील भाव शिकविणाऱ्या ‘माइंड रीडिंग’ ह्या ४१२ भावनांच्या संगणकीय कोशाची कथा अशीच आहे. गोलन व बॅरन-कोहेन ह्यांच्या २००६ च्या प्रयोगातील स्वमग्न प्रौढांना शिकविलेल्या भावना अधिक चांगल्या ओळखता आल्या. संपूर्ण प्रसंगातून भाव ओळखण्याच्या दूरच्या चाचणीत ती प्रगती उतरली नाही. अर्थात, भावना ओळखण्याचे शिक्षण भावना ओळखण्यापुरते उपयोगी पडले. हे यश लहान असले तरी प्रामाणिक आहे. त्याला मेंदूची सुधारणा म्हणावयाचे कारण नाही.

५

विज्ञानाचे निर्णय आणि विक्रीची भाषा ह्यांत जे अंतर पडले त्याची दखल अमेरिकेच्या व्यापार आयोगाला घ्यावी लागली. मुलांची अवधानन्यूनता दूर करतो असे सांगून विकल्या जाणाऱ्या ‘जंगल रेंजर्स’ ह्या संगणकीय खेळाच्या विक्रेत्यांवर २०१५ मध्ये, आणि ‘लुमोसिटी’वर २०१६ मध्ये, पुराव्यावाचून दावे केल्याबद्दल कारवाई झाली, ‘लुमोसिटी’ने २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. ह्याउलट २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अवधानन्यून मुलांसाठी एका व्हिडिओ-खेळाला परवानगी दिली. ३४८ मुलांवरील त्याच्या प्रयोगात अवधानाच्या संगणकीय चाचणीत सुधारणा दिसली, परंतु पालकांच्या नोंदींत तो तुलनेच्या साध्या शब्दखेळापेक्षा सरस ठरला नाही. परवानगी मिळाली तरी मर्यादा तीच राहिली: संगणकावरील सराव संगणकावरील चाचणीत दिसतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता ह्या दोहोंचा समावेश झाला. नाव मिळाले की उपायाचा शोध सुरू होतो, आणि परदेशी कार्यक्रम अशा शोधाच्या वाटेवर सहज भेटतात. त्यांचा विचार मराठी मुलांसाठी करताना आणखी एक पायरी ध्यानात घ्यावी लागते. ‘फास्ट फॉरवर्ड’सारखा कार्यक्रम इंग्रजीच्या ध्वनींवर आणि इंग्रजी वाचनाच्या अडचणींवर रचलेला आहे. मराठी मूल अडखळते ते जोडाक्षरांत, ह्रस्व-दीर्घात, अल्पप्राण-महाप्राणांच्या भेदात. आणि ‘चमचा’ व ‘चहा’ ह्यांतील एकाच ‘च’च्या दोन उच्चारांत. समान घटकांचा नियम लावला तर इंग्रजी ध्वनींचा सराव ह्या अडचणींपासून आणखी एक पाऊल दूर आहे.

६

ह्या सर्व विवेचनाचा अर्थ संगणक अशा मुलांना निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. येथे दोन भिन्न गोष्टींत विवेक केला पाहिजे. संगणक हा मेंदू घडविणारा आखाडा मानणे ही एक गोष्ट. तो काम साधणारे उपकरण मानणे ही दुसरी. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला संगणक पाठ्यपुस्तक वाचून दाखवू शकतो. ज्याला बोलता येत नाही त्याला चित्रांवर बोट ठेवून पाणी मागण्याची सोय तो करून देतो. येथे संक्रमणाची भिस्त नाही, कारण उपकरण जेथे हवे तेथेच वापरले जाते. तसेच अक्षर आणि ध्वनी ह्यांचा संबंध पद्धतशीरपणे शिकविणारा पाठ संगणकावर असला तरी तो वाचनाचाच पाठ असतो.

यास्तव कोणत्याही नव्या कार्यक्रमाची परीक्षा तीन प्रश्नांनी व्हावी. सुधारणा कशात मोजली, खेळात की पुस्तकात? तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ व तेवढेच लक्ष मिळाले होते काय? आणि हा वेळ मुलाच्या दिवसातील कोणत्या कामातून काढला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे संशोधकांनी द्यावयाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत शाळेला व पालकांना द्यावे लागते, आणि ते कार्यक्रम विकत घेण्यापूर्वी द्यावे लागते. कारण पैसे परत मिळू शकतात, सातव्या वर्षी वाचनातून काढलेला तास परत मिळत नाही.