ब्रेक दाबून रेस दिली की फाउंडेशन कळतं का?

मागच्या महिन्यात मामाचा सांगलीहून फोन आला. त्याची तीन सिलिंडरची हॅचबॅक सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, सीटही हलते. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये हलकाच क्लच सोडून दाखवला. इंजिन चांगलं बोटभर उचललं गेलं. निदान झालं: "फाउंडेशन गेलेत, तिन्ही बदला." मामाने मला विचारलं, कारण भाचा कंपनांवर पीएचडी करतोय. मी हॉस्टेलच्या गच्चीवरून सांगितलं, "हो, बदलून टाक." साडेसात हजार गेले. थरथर आहे तिथेच राहिली.

म्हणून आजची ही टीका. ती त्या मिस्त्रीवर नाही. त्याची चाचणी तिच्यापुरती बरोबरच होती. टीका आहे ती त्या चाचणीवर, आणि आम्हाला वर्गात शिकवतात त्या कंपनांच्या धड्यावर. दोघांची चूक एकच आहे, आणि ती मीही केली.

आधी फाउंडेशन म्हणजे काय ते बघूया. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये तीन माउंटिंग असतात. एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला. हे दोघं वजन पेलतात. तिसरा खाली, दांड्यासारखा. तो वजन उचलत नाही, फक्त इंजिनाला पुढेमागे गिरकी घेऊ देत नाही. या तिघांकडून आपण दोन उलट कामं मागतो. गाडी उचल घेताना किंवा खड्ड्यात आदळताना इंजिन फार हलू नये, म्हणून रबर कडक हवं. आणि उभ्या गाडीत इंजिनाची बारीक धडधड बॉडीत उतरू नये, म्हणून तेच रबर मऊ हवं. ही ओढाताण जुनीच आहे. क्रायस्लरने १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाने इंजिन रबरावर तरंगतं ठेवलं, ते चार सिलिंडरची थरथर लपवायलाच.

आता मुद्दा असा. ब्रेक दाबून रेस देण्याची चाचणी यातलं फक्त पहिलं काम तपासते: मोठी हालचाल, सावकाश. मामाची तक्रार दुसऱ्या कामाबद्दल होती: बारीक हालचाल, जलद. आणि रबर या दोन ठिकाणी सारखं वागत नाही. काजळी मिसळलेलं रबर बारीक हालचालीला जास्त कडक असतं, हालचाल मोठी झाली की मऊ पडतं. ए. आर. पेन यांनी १९६०च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून त्याला पेन परिणाम म्हणतात. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच्यावर आहे, आणि तरी फोनवर मला ते आठवलं नाही!

दुसरी गोष्ट, माउंटिंग दोन उलट प्रकारे खराब होतात. फाटून सैल पडतात, किंवा उष्णतेने आणि वयाने कडक होतात. सैल झालेला या चाचणीत लगेच सापडतो. कडक झालेला मात्र चाचणी झोकात पास होतो, कारण इंजिन उलट कमी हलतं. म्हणजे जो माउंटिंग थरथर बॉडीत उतरवतोय, त्यालाच आपण 'फिट' म्हणून सर्टिफिकेट देतो.

जरा आकडे मांडू. तीन सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दीड स्फोट होतात. ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण १३.३ फेरे, म्हणजे २० स्फोट, म्हणजे २० हर्ट्झ. समजा रबरावर बसलेल्या इंजिनाची नैसर्गिक वारंवारता १० हर्ट्झ आहे. पुस्तकातलं साधं सूत्र सांगतं की इंजिनाच्या धक्क्यातला एक तृतीयांश बॉडीपर्यंत पोचेल. रबर दीडपट कडक झालं तर पोचेल ०.६, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आता रबर नवंकोरं ठेवू आणि आयडलिंग ७०० वर घसरू देऊ. स्फोट १७.५ हर्ट्झवर येतात आणि बॉडीत जवळपास निम्मा धक्का पोचतो. दोन्ही एकदम झालं, रबर कडक आणि आयडलिंग कमी, तर ०.९६! म्हणजे माउंटिंग असून नसल्यासारखे. (यात डॅम्पिंग धरलेलं नाही. खऱ्या गाडीत आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही.)

यावरून एक लाडका समज मोडतो. "रेस वाढवली की थरथर जाते, म्हणजे फाउंडेशनच." नाही हो. रेस वाढली की स्फोटांची वारंवारता वाढते आणि कारण कडक रबर असो की घसरलेलं आयडलिंग, थरथर कमी होते. घाण झालेल्या थ्रॉटल बॉडीमुळे आयडलिंग घसरलं असेल तरी हेच दिसणार.

मामाच्या गाडीत तर याहून वेगळी गोष्ट होती. सुट्टीत गेलो तेव्हा मोबाइल सीटच्या खाली फ्लोअरवर ठेवला आणि फायफॉक्स हे ॲप लावलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं हे फुकट ॲप फोनमधल्या प्रवेगमापकाचा आलेख काढून देतं. २० हर्ट्झला शिखर दिसणार हे माहीतच होतं. पण त्याहून उंच शिखर होतं ६.६ ला.

आता ६.६ कुठून आलं? एका सिलिंडरचा स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. ८०० आरपीएमला ते सेकंदाला साधारण ६.७ वेळा. म्हणजे एकच सिलिंडर इतरांपेक्षा वेगळा वागतोय. गॅरेजच्या भाषेत गाडी मिसिंग करतेय. कॉइलची अदलाबदल करून पाहिली, मिसिंग कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं. नवी कॉइल टाकली, थरथर संपली.

आणि खरी गंमत इथे आहे. ६.७ हर्ट्झ हे १० च्या खाली येतं. तिथे तेच सूत्र सांगतं की बॉडीत धक्का १.८ पट होऊन पोचतो. म्हणजे मिसिंगची थरथर कुठलंही फाउंडेशन अडवत नाही, उलट वाढवतं. साडेसात हजारांचे तीन नवे माउंटिंग तिच्यापुढे मुळातच हतबल होते.

मग मिस्त्री साफ चुकला का? तेही नाही. काढलेले जुने तिन्ही मी मागून घेतले. खालच्या दांड्याचं रबर खरंच आरपार फाटलेलं होतं. क्लच सोडताना जो 'धप्प' आवाज यायचा तो त्याचाच, आणि तो आता गेलाय. पण मामाने तक्रार थरथरीची केली होती. चाचणीने एक खरा दोष शोधला आणि आम्ही सगळ्यांनी तो भलत्याच तक्रारीला चिकटवला. वरचे दोन मात्र दिसायला ठीक होते.

वर्गातल्या धड्याबद्दलही बोललं पाहिजे. एक वस्तुमान, एक स्प्रिंग, एक डॅम्पर, आणि स्प्रिंगचा कडकपणा कायम एकच. वरचे आकडे मीही त्यावरूनच काढले, आणि दिशा कळायला तो पुरतो. पण त्यात रबर म्हातारं होत नाही, आणि धक्क्याच्या बाजूला फक्त एक साइन लहर असते. धक्काच आजारी असू शकतो, हे त्या आकृतीत कुठेच नसतं. त्यामुळे इंजिनीअर झालेला माणूसही थरथर म्हटलं की स्प्रिंगकडेच बघतो. मी बघितलं.

तर वाचकहो, तुमची गाडी थरथरत असेल तर हा क्रम ठेवा:

आधी स्कॅनर लावून आयडलिंग किती आणि मिसिंग आहे का ते बघा. मग मोबाइलने आलेख काढा. तीन सिलिंडरला शिखर आरपीएम भागिले ४० इथे असेल तर स्फोटांचं, भागिले १२० इथे असेल तर एका सिलिंडरचं. इंजिन ठीक निघालं तरच माउंटिंगकडे वळा. 'धप्प' आवाजासाठी ब्रेकची चाचणी चांगलीच आहे, फक्त त्या वेळी गाडीसमोर कुणी उभं राहू नका. भेगा, बसलेलं रबर, त्यावर गळणारं तेल, हायड्रॉलिक माउंटिंग असेल तर त्यातून झिरपलेलं द्रव, हे टॉर्च घेऊन बघा. कडकपणा डोळ्यांना दिसत नाही. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी आलेख ताडून बघणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

बदलताना जॅक ऑइल चेंबरला थेट लावू देऊ नका, मध्ये लाकडाची फळी हवी. बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, जॅक काढून इंजिनाला आपल्या जागी बसू द्यायचं, मगच टॉर्क रेंचने आवळायचं. इंजिन लोंबकळत असताना गनने आवळलं तर रबर पिळलेलं राहतं, आणि नवं माउंटिंग पहिल्या दिवसापासून थरथर उतरवतं.

मामाला मी कॉइलचे पैसे देऊ केले. तो म्हणाला, "राहू दे. पण पुढच्या वेळी फोनवर निदान करू नकोस, येऊन बघ." गाइड तीन वर्षं हेच सांगतायत: आधी मोजा, मग बोला.