अनुवर्तन आणि आत्मनिर्णय : मावळातील तुकाराम-परंपरेच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :
‘चारचौघांसारखे वागावे’ हा उपदेश भारतीय कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. समूहाच्या अपेक्षेनुसार स्वतःचे वर्तन व मत बदलण्याच्या या प्रवृत्तीस सामाजिक अनुवर्तन असे म्हणता येईल. नियम पाळणारा तो अनुवर्ती आणि मोडणारा तो बंडखोर, अशी ढोबळ विभागणी सामान्यतः केली जाते. ही विभागणी कितपत ग्राह्य आहे, याचा विचार इंद्रायणीच्या खोऱ्यातील एका प्रसंगाच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल.

आज्ञापालन आणि अनुवर्तन :
लोणावळ्याजवळील कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळ प्रांतातून वाहत देहूस पोहोचते. महिपतींच्या ‘भक्तलीलामृत’ (इ. स. १७७४) सारख्या चरित्रग्रंथांनी लोकमानसात रुजविलेल्या कथेनुसार या नदीने दोन विसर्जने पाहिली. दुष्काळाने होरपळलेल्या तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते स्वेच्छेने बुडविली. पुढे, शूद्राने वेदार्थ सांगू नये, या आक्षेपावरून वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आज्ञा केली आणि अभंगांच्या वह्याही पाण्यात गेल्या.

येथे एक विरोधाभास दिसतो. पहिल्या प्रसंगी सावकारी घराण्याची रीत मोडणारे तुकाराम दुसऱ्या प्रसंगी धर्माधिकाराची आज्ञा निमूटपणे पाळतात. केवळ बाह्य वर्तन पाहिले तर ते अनुवर्ती ठरतील. परंतु वह्या बुडविल्यानंतर ते नदीकाठी तेरा दिवस निश्चक्र पडून राहिले, असे परंपरा सांगते. हात आज्ञेप्रमाणे चालले. अभंग रचण्याचा आपला अधिकार मात्र त्यांनी मनातून सोडला नाही. म्हणजेच अनुवर्तनाचे मर्म आज्ञापालनात नसून स्वतःचा विवेक दुसऱ्याच्या हवाली करण्यात आहे.

रूढिपालकाची दोन रूपे :
रामेश्वर भट्टांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. ते शास्त्रावर श्रद्धा असलेले रूढिपालक होते. अनुभवाने शास्त्रार्थ अपुरा ठरताच त्यांनी भूमिका बदलली. तुकारामांची सर्वपरिचित आरती त्यांच्याच नावावर आहे. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रभातच्या चित्रपटाने हा भेद अचूक टिपला आहे. तेथील सालोमालो तुकारामांची रचना स्वतःच्या नावावर खपवितो आणि धर्माचा आधार मत्सरापोटी घेतो. रामेश्वर रूढी मानतो, तर सालोमालो ती वापरतो. पहिल्याशी संवाद शक्य असतो. दुसऱ्यापुढे युक्तिवाद निष्फळ ठरतो. प्रस्थापित व्यवस्था मात्र दोघांच्याही बळावर उभी राहते, हे विसरता येत नाही.

एका सोबत्याचे मोल :
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सोलोमन अ‍ॅश यांनी १९५१ च्या सुमारास रेषांच्या लांबीविषयी केलेल्या प्रयोगांत, समूहाने उघड चुकीचे उत्तर दिले असता सुमारे एक-तृतीयांश प्रतिसाद समूहास अनुसरून आले. खरे उत्तर देणारा एकच सोबती मिळताच हे प्रमाण मूळच्या साधारण एक-चतुर्थांशावर घसरले. मावळातील सुदुंबरे येथे समाधी असलेले संताजी जगनाडे यांचे स्थान या प्रकाशात अधिक स्पष्ट होते. परंपरा त्यांना तुकारामांचे टाळकरी व अभंगलेखक म्हणून ओळखते. बहिष्काराच्या सावटाखाली असलेल्या कवीचे शब्द उतरवून घेणे ही लेखनिकाची सेवा तर होतीच, त्याबरोबरच ती एक सामाजिक भूमिकाही होती.

समारोप :
इ. स. १६८५ मध्ये नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला. कालांतराने तुकारामांना मानणे हीच महाराष्ट्राची रूढी झाली. परिणामी, एके काळी धाडस असलेली कृती आज पूर्णतः अनुवर्ती असू शकते. भंडारा डोंगरावर जाणारा प्रत्येक जण तेथील एकांताचा अर्थ शोधतोच असे नाही. हाच निकष अध्यापनासही लागू पडतो. वर्गात तुकारामांविषयीचा आदर शिकविला जातो. पण अधिकार कोणाचा व तो कोणी ठरविला, हा त्यांचा प्रश्न बहुधा परीक्षेपुरताच उरतो. विद्यार्थ्याने तो प्रश्न प्रचलित व्यवस्थेस, प्रसंगी शिक्षकासही, विचारला असता त्याचे स्वागत होते किंवा कसे, यावरूनच ज्ञानसंस्था रामेश्वर भट्टांच्या कोणत्या काळात उभी आहे, हे ठरेल.