कथलाचा सिंह

श्रीरंगपट्टणचं पदक फोनवर झूम करून पाहा. वाघ खाली चीत झालेला, त्याला दाबून धरणारा ब्रिटिश सिंह, वर निशाण. वाघ म्हणजे टिपू, हे सांगायला नकोच. कॉनराड हाइनरिख क्यूखलरने कोरलेलं हे चित्र उघड प्रचार आहे, पण हात कसलेला आहे. खरी खोच निशाणावर आहे. तिथे अरबीत ‘असदुल्लाह अल-गालिब’, म्हणजे देवाचा विजयी सिंह, असं लिहिलंय. हे शब्द टिपूच्याच शस्त्रांवर असायचे. हरलेल्याचं ब्रीद उचलून जेत्याने आपल्या सिंहाच्या डोक्यावर फडकवलं! रोमन अंकांत ४ मे १७९९ ही तारीख सिंहाच्याच बाजूला, खाली. मागच्या बाजूला किल्ल्यावरची चढाई आणि फारसी मजकूर. ती बाजू मला गर्दीची वाटते, सोडून देऊ.

चित्र सगळ्यांना एकच मिळालं, धातू मात्र नाही. ईस्ट इंडिया कंपनीने ही पदकं मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, बर्मिंगहॅमजवळ, पाडून घेतली. काही कलकत्त्याच्या टांकसाळीतही पडली. १८०८ मध्ये, म्हणजे लढाईनंतर नऊ वर्षांनी, ती वाटली गेली. सगळ्यात वरच्यांना सोनं, त्याखाली सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग नुसती चांदी, हवालदार वगैरेंना ब्राँझ आणि साध्या शिपायाला कथील. कल्हईवाला पातेल्याला आतून लावतो, तेच.

संग्राहक आधी सोन्याकडे वळतात. कथलाचं घ्यायचंच झालं तर कोरं करकरीत हवं, सिंहाची आयाळ केसन् केस दिसायला हवी. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. कथील मऊ असतं. अंगावर वागवलं की झिजणार, ओरखडे पडणार. कोरं राहिलेलं पदक बहुधा कुणी वापरलेलंच नसतं.

शिवाय या पदकांना मुळात कडी नव्हती आणि मिळवणाऱ्याचं नावही त्यांवर कोरलेलं नव्हतं. अडकवायची सोय ज्याची त्याने करायची. मुंबईची फौजही या मोहिमेत होती, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या शिपायानेही सोनाराकडे जाऊन किंवा घरीच खिळ्याने भोक पाडलं असेल. जाणकार असं भोक दोष म्हणून मोजतात. मी मात्र दोन पदकांतून निवडायचं झालं तर भोकाचंच घेईन. शिपायाने स्वतः केलेली तेवढी एकच खूण त्यावर आहे. बाकी सगळं बर्मिंगहॅमहून ठरून आलं होतं.