'सिंचन' की 'क्षालन'? शल्यपरिभाषेतील एका शब्दाचा विचार

हाताच्या बोटातील कंडरावरणात पू झाल्यास शल्यवैद्य ते आवरण आतून धुऊन काढतात. इंग्रजीत ह्या क्रियेस 'इरिगेशन' म्हणतात. शेतीच्या संदर्भात त्याच शब्दाला 'सिंचन' हा पर्याय रूढ असल्यामुळे तो येथेही योजण्याचा मोह होतो. परंतु शब्द रूढ असणे निराळे आणि अर्थवाही असणे निराळे.

प्रथम क्रिया पाहावी. बोट वाकविणारी कंडरा दोन्ही टोकांस बंद असलेल्या अरुंद आवरणातून सरकते. काटा रुतून जंतू आत शिरले की पुवाचा दाब वाढतो, कंडरेचा रक्तपुरवठा खुंटतो आणि विलंब झाल्यास बोट कायमचे ताठते. बोट किंचित वाकलेले, सबंध सुजलेले, आवरणाच्या मार्गावर दाबल्यास दुखणारे, सरळ करू जाता कळ येणारे, ही कॅनाव्हेल ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी चार लक्षणे होत. रोग फार पुढे गेलेला नसेल तर तळव्यात एक व बोटाच्या टोकाकडे एक असे दोन छेद घेतात. एकातून बारीक नळीने मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात. ते दुसऱ्यातून पुवासह बाहेर पडले पाहिजे. ही वाट तुंबली तर तेच पाणी दाबात भर घालते.

'सिंचन' शब्दात नेमकी ही दुसरी वाट नाही. 'सिच्' म्हणजे शिंपडणे, ओतणे. शेतात सोडलेले पाणी मुरावे हीच अपेक्षा असते. गंगापूर धरणाचे कालवे आणि द्राक्षबागांतील ठिबक रोज पाहणाऱ्या नाशिककराला ह्याहून वेगळा अर्थ सुचणार नाही. सुश्रुताचा 'परिषेक' त्याच धातूचा खरा. पण ती बाहेरून धार धरण्याची क्रिया आहे.

'क्षालन' अधिक जवळचे, कारण त्यात मळ निघून जाणे गृहीत आहे. तथापि सर्वांत नेमका शब्द स्वयंपाकघरातला: विसळणे. तांब्या विसळताना पाणी आत जाते, फिरते आणि ओतून टाकले जाते. असा घरगुती शब्द परिभाषेत शोभत नाही, हा आक्षेप केवळ संस्कृतच्या भिडेपोटी आहे.

नाशिक येथे १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथील पाठ्यलेखनात 'कंडरावरण-क्षालन' खुशाल असावे. रुग्णाने सही करावयाच्या संमतिपत्रात मात्र 'बोटातील आवरण आतून विसळून पू काढणे' एवढेच लिहावे.